मक्याचा टेलिफोन

कोंबड्यांनी मका खाल्ला आणि टेलिफोन घातला, असं लिपूव्का गावात लोक आजही हसत हसत सांगतात. ऐकणाऱ्याला वाटतं, घरच्या दारूचा एखादा पेला जास्त झाला असेल. तो झालेला असतोच, पण गोष्ट खरी आहे. ती जिच्यामुळे खरी झाली ती लेओकादिया अजून तिथेच राहते, हिरव्या खिडक्यांच्या घरात. तिच्यासमोर कुणी त्या टेलिफोनचं श्रेय सरकारला दिलं तर त्याला चहासुद्धा मिळत नाही.

पोलंडातली जुनी कम्युनिस्ट राजवट जाऊन तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. पूर्वी रेगीनाच्या दुकानात फळीवर व्हिनेगरच्या बाटल्यांची रांग असायची आणि बाकी सगळं उधारीवर, म्हणजे आशेवर. आता तिथे संत्री आली, केळी आली, चांदीच्या कागदातली जर्मन चॉकलेटं आली. लोक यायचे, संत्र्यांकडे नातेवाइकांकडे बघावं तसं बघायचे आणि काड्यापेटी घेऊन परत जायचे. शेजारचं सरकारी शेत बंद पडलं होतं. डेअरीवाले दूध नेत, पैशाचं नाव काढत नसत. डुकरांचे व्यापारी गाडी घेऊन येत आणि तोंडाला येईल तो भाव सांगत.

लेओकादिया त्याच सुमाराला सरपंच झाली. झाली म्हणजे केली गेली. पूर्वी सरपंचाला खत आणि कोळशाच्या वाटपात हात मारता येई, तेव्हा त्या पदासाठी बाप्ये एकमेकांच्या उरावर बसत. आता वाटायला शिव्यांखेरीज काही उरलं नव्हतं, तेव्हा त्यांनी मोठ्या मनाने ते पद एका विधवेला देऊन टाकलं. त्यांना वाटलं, बाई आहे, गप्प बसेल. लेओकादियाला ओळखणाऱ्या एकालाही असं वाटायला नको होतं.

सरपंचपदाबरोबर तिच्याकडे काठी आली. ओकच्या मुळाची, मुठीपाशी वाकलेली, शंभर हातांनी गुळगुळीत झालेली. गावाला काही कळवायचं असलं की सरपंचाने शेजारच्या घरात जाऊन निरोप सांगायचा आणि काठी शेजाऱ्याच्या हातात द्यायची. त्याने ती पुढच्या घरी न्यायची. काठी हातातून हातातच द्यायची, दाराला टेकवून पळायचं नाही आणि घरात रात्रभर ठेवून घ्यायची नाही. युद्ध आलं ते या काठीने कळलं आणि संपलं तेही. लिपूव्कात भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर कुणी विश्वास ठेवत नसे, काठीवर ठेवत.

फक्त एका जागी ती काठी वाट वाकडी करायची. लेओकादियाच्या अंगणापलीकडे बोनिफात्सीचं अंगण. मध्ये कुंपण नाही, एक जुनं नाशपातीचं झाड आणि नांगराच्या तासाएवढी जमिनीची पट्टी. ती पट्टी आणि ते झाड कुणाचं, यावरून दोन्ही घरं अकरा वर्षं बोलत नव्हती. बोनिफात्सी म्हणे, बांध झाडाच्या त्या बाजूला. लेओकादिया म्हणे, या बाजूला. झाड दरवर्षी दोघांच्याही अंगणात इमानेइतबारे फळं टाकायचं आणि ती फळं गांधीलमाश्या खायच्या. तेव्हा लेओकादियाच्या हातून निघालेली काठी रस्ता ओलांडून म्हाताऱ्या अपोलिनारीकडे जाई, आणि अपोलिनारी कुरकुरत पुन्हा रस्ता ओलांडून ती बोनिफात्सीच्या हातात ठेवी.

"माझे गुडघे या नाशपातीने खाल्ले," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

बोनिफात्सी काही परका नव्हता. तो तिचा कूम होता आणि ती त्याची कूमा. तिच्या मुलीला, हालिनाला, बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर घेऊन उभा राहिलेला धर्मबाप. तिकडे कूम म्हणजे रक्ताच्या भावापेक्षा कांकणभर जास्तच. म्हणून तर भांडण इतकं कडू झालं. रस्त्यात समोरासमोर आले तर दोघांपैकी एक जण रस्ता ओलांडून जायचा, कारण "येशू ख्रिस्ताचा जयजयकार असो" असं एकाने म्हटलं की दुसऱ्याला "युगानुयुगे" म्हणावंच लागतं. त्या नमस्काराला उत्तर न देण्याचं पाप शत्रूसुद्धा करत नाही. तेव्हा तो कानावरच पडू नये याची दोघंही काळजी घ्यायची.

भांडणाच्या सातव्या का आठव्या फेब्रुवारीत, एका सकाळी लेओकादियाचा नवरा वात्स्वाव गोठ्यात छातीला हात लावून खाली बसला. टेलिफोन होता तो शेजारच्या मोठ्या गावातल्या पोस्टात. लेओकादिया गुडघाभर बर्फातून धावत गेली. रुग्णवाहिका आली तेव्हा डॉक्टरऐवजी पाद्रीबाबाच लागले. त्या दिवसापासून तिच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली, ती म्हणजे लिपूव्कात टेलिफोन. धावत जाताना वाटेत बोनिफात्सीचं फाटक लागलं होतं आणि आत ट्रॅक्टर उभा होता. ते ती कुणाला सांगत नसे, स्वतःलाही नाही.

अशात मका आला. पश्चिमेकडच्या देशांनी पोलंडाला हात द्यायचं ठरवलं आणि जहाजंच्या जहाजं भरून जनावरांचं खाद्य पाठवलं. सरकारने ते शेतकऱ्यांना विकलं आणि आलेला पैसा वेगळा काढून खेड्यांसाठी ठेवला. मोठ्या गावातला टेलिफोनचा इंजिनिअर कुलेशा एका डॅनिश पाहुण्याला जीपमधून घेऊन लिपूव्कात आला. अग्निशमनाच्या बंबघरात सभा भरली.

"एक गोष्ट मागा," कुलेशा म्हणाला. "एकच. साहित्य त्यांचं, मेहनत तुमची."

"म्हणजे आमच्या कोंबड्यांनी खाल्लेल्या मक्याचे पैसे आम्हीच दिले," अपोलिनारी सावकाश म्हणाला, "आणि तेच आता आम्हाला भेट म्हणून मिळणार?"

"तसंच काहीसं."

"मग यात परदेशी काय आहे?"

"मका, आजोबा. मका परदेशी होता."

सगळं बंबघर हसलं. डॅनिश पाहुणाही हसला, कशाला ते कळलं नसेल, पण हसला मनापासून. त्यानंतर बाप्यांनी एकमुखाने बंबघराचं छप्पर मागितलं. बंबघर म्हणजे त्यांचा पत्ते कुटायचा अड्डा, आणि छप्पर नेमकं टेबलावर गळत होतं. लेओकादिया काठी घेऊन उठली.

"टेलिफोन," ती म्हणाली.

"कुणाला करायचा?" मागून कुणी ओरडलं. "ज्याच्याशी बोलायचं ते सगळे इथेच बसलेत!"

"डुकरं कुणाला विकलीस रे गेल्या महिन्यात? काय भावाने?" तिने आवाजाच्या दिशेने काठी रोखली. "त्याने सांगितला तो भाव. बाजार आला, बाजार आला म्हणून नाचता, पण बाजारात भाव काय चाललाय ते तुम्हाला व्यापारीच सांगतो. त्याच दिवशी पलीकडच्या तालुक्यात किती मिळत होते ते विचारलंस? कुठून विचारणार, तुझ्या बंबघराच्या छपरातून?"

बायका मागच्या बाकांवर बसल्या होत्या. त्यांच्यातून हशा उठला, मग टाळी, आणि मग हात वर झाले. बायकांचे हात गावात जास्त होते, हे बाप्यांच्या तोवर कधी ध्यानातच आलं नव्हतं.

ठरलं ते असं. केबल, यंत्रं आणि घरोघरी टेलिफोन त्या निधीतून. गावाने घरांच्या मागच्या बाजूने, या टोकापासून त्या टोकापर्यंत कंबरभर खोल चर खणायचा, जमीन गोठायच्या आत. चर सलग हवा. कुठे तुटला तर केबलचं रीळ पुढच्या गावाला जाईल, तिथले लोक फावडी पाजळूनच बसले होते. डांबरी रस्ता फोडायची परवानगी नव्हती आणि घरांच्या मागे थोडं लांब गेलं की दलदल. लेओकादियाने काठी फिरवली. बटाटे निघाले की फावडी घ्या.

लोकांनी फावडी घेतली. आठवड्याभरात चर तयारही झाला. लेओकादियाला इतका आनंद झाला की तिने बटाट्याचा किस भाजून त्याच्या परातीच्या पराती घरोघरी पाठवल्या. मग एका दुपारी ती चर बघायला निघाली. रस्त्यावरून दिसणारा भाग असा सुबक होता की त्यात पोराला झोपवावं. पुढे कोठारांच्या मागे गेल्यावर तिने चरात काठी उभी केली. काठी गुडघ्याएवढीच खाली गेली. अजून पुढे गेली, तर पोटरीएवढी. एका कोठारामागे तर नुसतं गवत उपटून माती उलटी करून ठेवली होती.

यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. चाळीस वर्षं दर वसंतात पक्षाचा सेक्रेटरी यायचा आणि गावाकडून श्रमदान करवून घ्यायचा. एकदा त्याला रस्त्याच्या दुतर्फा झाडं हवी होती, तर गावाने जंगलातून फांद्या तोडून आणून रोवल्या होत्या. सेक्रेटरीची गाडी गेली, त्याने हात हलवला, आठवड्यात फांद्या वाळल्या आणि चुलीत गेल्या. गाडीतून दिसेल तिथे मन लावून करायचं आणि बाकी देवाच्या हवाली सोडायचं, हे लिपूव्काच्या हाडीमाशी खिळलं होतं. हात आपोआपच तसे चालले.

रविवारी प्रार्थना सुटल्यावर लेओकादिया चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहिली. पाद्रीबाबांना तिने नुसता डोळ्यांनी निरोप दिला आणि ते शहाणे, लगेच आत गेले.

"कुणाला फसवलंत?" तिने सुरुवात केली. "सेक्रेटरीला? तो मासे पकडत बसलाय! त्या डॅनिश माणसाला? त्याच्या घरी टेलिफोन आहे, न्हाणीघरातसुद्धा असेल! अरे, पहिल्या थंडीत माती फुगेल, केबल तुटेल, आणि तुमची म्हातारी छाती धरून खाली बसेल तेव्हा तुम्ही त्या पोटरीभर चराकडे बघत उभे राहाल. चोराने स्वतःच्याच घरात चोरी केली तर त्याला काय म्हणायचं? मला तरी शब्द सापडत नाही!"

कुणी टोपी चुरगाळली, कुणी बुटाकडे पाहिलं. बायका आपापल्या नवऱ्यांकडे बघू लागल्या, ते जास्त वाईट होतं. तेवढ्यात अपोलिनारीने घसा खाकरला.

"बरोबर बोललीस, सरपंचबाई. लाज वाटायला लावलीस. आता एक विचारू? माझं वय झालंय, मला माफ असतं." त्याने टोपी काढली. "दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसलं तुला. चर तुझ्या नाशपातीच्या अलीकडे थांबतो आणि पलीकडे पुन्हा सुरू होतो. मधल्या जागी फावडं कुणी लावलंच नाही. ते मुसळ कुणाच्या डोळ्यातलं?"

 गर्दीच्या मागे बोनिफात्सी उभा होता. तो पाठ फिरवून चालू लागला. लेओकादिया लालेलाल झाली आणि दुसऱ्या दिशेने चालू लागली.

पण गाव जागं झालं होतं. सोमवारी पहाटे फावड्यांचा आवाज सुरू झाला आणि या वेळी तो कोठारांच्या मागून येत होता. बायका उतरल्या, रेगीनाने दुकानाला कुलूप लावलं. कुणाचा चर जास्त सरळ यावरून पैजा लागल्या. कंबरेची खोली म्हणजे कुणाच्या कंबरेची, यावरून एक छोटं भांडण झालं, तेव्हा गावातल्या सगळ्यात उंच माणसाला चरात उभं करून माप ठरवलं. "असा चर खणलाय की त्यात सेक्रेटरी पुरता येईल," लोक म्हणायचे, आणि आपल्याच विनोदावर खूश होऊन आणखी चार फावडी माती काढायचे. लेओकादिया सकाळपासून चिखलात उभी असे. आपल्या गावाचा तिला इतका अभिमान वाटत होता की रागवायला कारण सापडेना, आणि त्याने ती अस्वस्थ व्हायची.

आठवडा संपता संपता चर दोन्ही बाजूंनी नाशपातीपाशी येऊन थांबला. मधे उरली ती पट्टी.

कुलेशा रिळाची गाडी घेऊन आला. त्याने पट्टी पाहिली, डोकं खाजवलं आणि जमिनीचा मालक कोण, म्हणून विचारलं. "त्याने तोंडाने हो म्हणावं, बास."

"मी देते परवानगी," लेओकादिया आपल्या अंगणातून म्हणाली.

"तिने द्यायचा काय संबंध?" बोनिफात्सी त्याच्या अंगणातून अपोलिनारीला म्हणाला. "सांगा तिला, जमीन माझी आहे. परवानगी मी देतो."

"सांगा त्याला, माझ्या जमिनीची परवानगी तो देऊ शकत नाही!"

"सांगा तिला, खणू देणार नाही. तिच्या परवानगीने मुळीच नाही. माझ्या परवानगीने आत्ता खणा!"

अपोलिनारी मधे उभा राहून नुसती मान हलवत होता, सांगायला त्याला सवडच मिळेना. कुलेशाने जमिनीवर बसकण मारली. "परवानगी देत नाहीत म्हणून अडलेली गावं मी पाहिलीत," तो म्हणाला. "दोघं जण परवानगी देण्यासाठी भांडताहेत असं गाव पहिल्यांदाच बघतोय. उद्या दुपारपर्यंत थांबतो. मग रीळ पुढच्या गावाला."

त्या दिवशी लेओकादियाने गाय दोनदा दोहायला घेतली. दुसऱ्यांदा तिथे बसल्यावर तिला आठवलं की दूध काढून झालंय. ती तशीच स्टुलावर बसून राहिली. वात्स्वाव इथेच बसला होता. त्या पट्टीत मावतील तरी किती बटाटे? एक टोपली. आणि झाड? ते तर तिच्या सासऱ्याच्या आधीपासूनचं होतं, त्याने कधी कुणाला विचारलं होतं की मी कुणाचं? पण अकरा वर्षं एक गोष्ट म्हटली की ती म्हणणाऱ्याच्या हाडात जाते. परवानगी मागितली की संपलं. सगळ्या गावादेखत जमीन त्याची झाली. वात्स्वाव मरेपर्यंत त्या पट्टीसाठी भांडला होता. आपण त्याला हरवणार का? मग तिला वाटलं, त्याला तर पट्टीने केव्हाच हरवलंय. ती मोठ्याने रडली. गाय मान वळवून बघत राहिली.

सकाळी सगळं गाव नाशपातीभोवती जमलं होतं. गावाला दुसरं काम नव्हतं, असतं तरी कुणी गेलं नसतं. लेओकादिया दारातून बाहेर आली. डोक्याला रविवारचा रुमाल, हातात काठी. लोकांना वाटलं ती रस्ता ओलांडून अपोलिनारीकडे जाणार. अपोलिनारीनेही सवयीने हात पुढे केला. ती त्याच्यासमोरून सरळ झाडाखालून गेली, पट्टी ओलांडली आणि बोनिफात्सीच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

"बोनिफात्सी," ती म्हणाली. आवाज थरथरला म्हणून तिने पुन्हा म्हटलं, "बोनिफात्सी! गावाला तुझ्या जमिनीतून चर न्यायचाय. परवानगी दे."

आणि तिने काठी पुढे धरली.

 बोनिफात्सी मोठा आडदांड माणूस, पण त्याचा हात काठीपर्यंत पोचायला फार वेळ लागला. काठी हातातून हातात गेली.  तो ती घेऊन घरात गेला, लोक एकमेकांकडे बघू लागले, आणि तो फावडं घेऊन बाहेर आला. "बाजूला व्हा," एवढंच म्हणाला, तेही अपोलिनारीला.

त्याने एकट्याने खणलं. कुणी मदतीला वाकलं तर नुसतं बघायचा आणि तो माणूस मागे सरायचा. नाशपातीची मुळं लागली तेव्हा त्याने फावडं टाकलं, गुडघ्यांवर बसला आणि हातांनी माती उकरू लागला. जाड मुळं त्याने तोडली नाहीत, त्यांच्या खालून वाट काढली. एक मूळ त्याच्या बाजूला गेलं होतं आणि तेवढंच जाड दुसरं तिच्या बाजूला. त्या दोन मुळांच्या बरोबर खालून चर गेला. दुपारची घंटा झाली तेव्हा केबल नाशपातीखालून सरकत होती, आणि लिपूव्का गाव असं ओरडत होतं की पुढच्या गावातल्या लोकांना रीळ गेल्याचं तिथेच कळलं असेल.

बोनिफात्सीने हात झटकले. "सांगा तिला," तो अपोलिनारीला म्हणाला, "परवानगी दिली."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते उगाच नाही. फावडं खांद्यावर टाकून तो घरात गेला आणि दार लावून घेतलं.

डिसेंबरात, पहिला बर्फ पडल्यावर, घरोघरी टेलिफोन बसले. पहिला फोन सरपंचाच्या घरून व्हायचा असं ठरलं होतं, त्यामुळे सगळं गाव लेओकादियाच्या स्वयंपाकघरात घुसलं. ज्यांना जागा मिळाली नाही ते घर ऊबदार ठेवणाऱ्या विटांच्या रुंद भट्टीवर चढून बसले. टेबलावर सॉसेज, आंबवलेल्या काकड्या, बाटली, आणि मधोमध विणलेल्या रुमालावर लाल टेलिफोन. तो इतका चकचकीत होता की त्याला हात लावायच्या आधी तिने हात धुतले.

"शिकागोला लाव! माझ्या भावाला!"

"शिकागोत आता माणसं झोपलीत, गाढवा. हालिनाला लाव, मुलगी आहे तिची."

"डेन्मार्कला लावू या आणि सांगू, कोंबड्या तुमच्या आभारी आहेत!"

लेओकादियाने कुणाचंच ऐकलं नाही. तिने रिसीव्हर उचलला आणि आकडे फिरवले. खिडकीतून, नाशपातीच्या उघड्या फांद्यांपलीकडे, बोनिफात्सीचं घर दिसत होतं. तो आला नव्हता. दूर कुठेतरी घंटी वाजू लागली. दूर कसली, ती भिंतीतूनही ऐकू येत होती. फोन कुणाला लावलाय ते गावाला कळलं.

घंटी वाजत राहिली. मग थांबली. बोनिफात्सीने जन्मात टेलिफोन उचलला नव्हता, उचलल्यावर काय म्हणतात ते त्याला ठाऊक नव्हतं. तेव्हा माणसाच्या दारात उभं राहून जे म्हणतात तेच तो म्हणाला.

"येशू ख्रिस्ताचा जयजयकार असो!"

लेओकादियाने डोळे मिटले. आता रस्ता ओलांडून जायला जागा नव्हती.

"युगानुयुगे," ती म्हणाली.

  तिला त्याच्या घरातलं घड्याळ ऐकू येत होतं, ते तिनेच हालिनाच्या बाप्तिस्म्याला त्याला दिलेलं.

"ऐकू येतंय का तुला?" शेवटी ती म्हणाली.

"येतंय. ओरडतेस का? खिडकीतूनही येतंय."

भट्टीवर कुणी खुदकन हसलं आणि त्याला कुणीतरी चिमटा काढला.

"लेओकादिया," बोनिफात्सीचा आवाज बारीक झाला होता. "वात्स्वाव गेला त्या दिवशी. तू माझ्या फाटकासमोर थांबली होतीस."

"थांबले होते. कडीला हात लावला होता मी."

"पाहिलं मी. ट्रॅक्टरची किल्ली हातात घेऊन आत उभा होतो. म्हटलं, हिने एक हाक मारू दे. एकच. तू मारली नाहीस, आणि मीही दार उघडलं नाही. बर्फात तू दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिलो. त्यानंतर ट्रॅक्टर सुरू केला की मला कधी बरं वाटलं नाही."

लेओकादियाच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि सगळं गाव ते बघत होतं. तिला त्याची पर्वा नव्हती. अकरा वर्षं छातीवर असलेला धोंडा सरकल्यासारखा झाला. रडता रडताच तिला हसू येऊ लागलं.

"मूर्ख आहोत आपण दोघं," ती म्हणाली. "ही एवढी केबल आणली, ही एवढी माती उपसली, हे सांगायला?"

"फाटक उघडं आहे," बोनिफात्सी म्हणाला.

तिने रिसीव्हर जागेवर ठेवला नाही. टेबलावर काकड्यांशेजारी आडवा टाकला, कोट न घालताच दार उघडलं आणि निघाली. फाटकाकडे वळलीसुद्धा नाही. नाशपातीखालून, बुजवलेल्या चरावरच्या मऊ बर्फातून ती सरळ चालत गेली, आणि सगळं गाव खिडकीला नाक लावून बघत राहिलं.

एकटा अपोलिनारी खिडकीपाशी गेला नाही. त्याने रिसीव्हर उचलून कानाला लावला आणि हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. पलीकडेही रिसीव्हर टेबलावरच पडलेला होता. आधी कुत्रं भुंकलं. मग पावलं, मग दाराचा करकर आवाज, आणि मग लेओकादिया, खणखणीत:

"येशू ख्रिस्ताचा जयजयकार असो!"

"युगानुयुगे, कूमा," बोनिफात्सी म्हणाला. "आत ये."

अपोलिनारीने रिसीव्हर छातीशी धरला. डोळे पुसायला त्याला दुसरा हात होता, पण त्या हातात पेला होता, तेव्हा त्याने तो तसाच उंच केला.

"लागला!" तो भट्टीवरच्या, खिडकीवरच्या, दाराबाहेरच्या सगळ्या गावाला ऐकू जाईल असा ओरडला. "टेलिफोन लागला! अगदी स्पष्ट ऐकू येतंय!"